लेडीज डब्यात फास्टर फेणे

सकाळची बदलापूर लोकल, चक्क बसायला जागा, आणि हातात ‘फास्टर फेणे’! घेतलं होतं भाचीसाठी, उघडलं मी. भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) हा फुरसुंगीचा बनेश फेणे. काटकुळा, सायकलवर सुसाट, आणि तोंडात ते फेमस ‘ट्टॉक्’! सुपरपॉवर वगैरे काही नाही. समोर लबाडी चाललीय आणि हा गप्प बसणार? शक्यच नाही. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघचा मोठा बन्या मेडिकल एन्ट्रन्सचं रॅकेट शोधून काढतो. मला मात्र शाळकरीच लाडका.

अंबरनाथला एक आजी चढल्या. समोरच्या रिकाम्या सीटवर कुणाचा तरी रुमाल.

“उल्हासनगरला आमची मैत्रीण येतेय,” ग्रुपमधली एक म्हणाली.

आजी उभ्या. डबा गप्प. मीही पान उलटलं, पण वाचतंय कोण? माझी सीट देऊन सुटता आलं असतं. पण रुमाल तिथेच राहिला असता ना!

उठले. रुमाल उचलून तिच्या हातात दिला. “आजी, बसा.” आवाज कापत होता.

“नवीन का गं तू?”

“नाही. सहा वर्षं याच डब्यात.”

उल्हासनगरला मैत्रीण चढली. कल्याणपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. आजींनी तेवढं विचारलं, “कसलं पुस्तक गं?”