चिंचेनं घासलेला पैसा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी जुन्या नाण्यांचा डबा आहे? हात वर करा बघू! मला इथून दिसत नसलं तरी बरेच हात वर आले असणार. आणि त्यातल्या निम्म्या जणांना कुणीतरी सांगितलंही असेल, "जपून ठेव रे, लाख रुपये येतील!"

आमच्या सातवीतल्या एका मुलाला आजीच्या ट्रंकेत भोकाचे दोन पैसे सापडले. भोकाचा पैसा ठाऊक आहे ना? दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा १९४३ पासून १९४७ पर्यंत मधोमध मोठं भोक असलेला हा ब्राँझचा पैसा निघत होता. एका बाजूला मुकुट आणि साल, दुसऱ्या बाजूला पानांचं कडं. "बाई, मी आणि ताई वेबसाइट काढून हे विकणार," त्यानं जाहीर केलं.

नाणी बघितली आणि मी कपाळाला हात लावला. एक पैसा काळपट तपकिरी, दुसरा लखलखीत. आजीनं देवाच्या भांड्यांबरोबर तोही चिंचेनं घासून काढला होता! आपल्याला वाटतं, चकचकीत म्हणजे छान. पण संग्राहकाला वर्षानुवर्षं बसलेला तो काळपट थरच हवा असतो. चिंचेतलं आम्ल तो थर काढून टाकतं, घासण्यानं बारीक ओरखडे पडतात, आणि नाण्याची किंमत उतरते. पुन्हा पहिल्यासारखं काही ते होत नाही.

"मग फोटो असा काढतो की कळणारच नाही!" पठ्ठ्या म्हणाला.

तेव्हा मी त्याला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९९५ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या पिएर ओमिड्यार नावाच्या तरुणानं स्वतःच्या वेबसाइटवर लिलावाचं एक पान सुरू केलं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू कोणती? मोडका लेझर पॉइंटर! किंमत आली १४.८३ डॉलर. ओमिड्यारनं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, "तो मोडलाय, हे कळलंय ना?" उत्तर आलं, की मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. त्याच पानाचं पुढे 'ईबे' झालं. मोडकी वस्तू मोडकी म्हणून सांगितली, म्हणून ज्याला ती हवी होती त्याला ती मिळाली, आणि भांडणही झालं नाही.

दुकानात गिऱ्हाईक नाणं बोटांत धरून, उलटंपालटं करून बघतं. वेबसाइटवर त्याच्या हातात फक्त तुमचा फोटो आणि तुमचं लिहिणं. म्हणून फोटो दोन्ही बाजूंचे हवेत, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढलेले, शेजारी पट्टी ठेवून. नाणं कडेनं धरायचं, मधे बोट लावायचं नाही. साल आणि वजन लिहायचं, ओरखडा असेल तर तो जवळून दाखवायचा. हल्लीची नाणी असतील तर सालाखालची खूणही लिहायची. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. (आत्ताच खिशातलं नाणं काढून बघितलंत ना?)

मोठ्या बाजारी साइटवर गिऱ्हाइकं आपसूक फिरत येतात, पण साइटवाले आपला वाटा कापतात. स्वतःची वेबसाइट म्हणजे माळरानावर टाकलेलं दुकान. वाटा कुणी मागत नाही, पण वाटेनं कुणी फिरकतही नाही. शिवाय नावाचे दर वर्षी पैसे भरावे लागतात. आणि एक लक्षात ठेवा, अठरा वर्षांखालच्यांचा करार कायदा मानत नाही. म्हणून व्यवहार आणि बँकेचं खातं वडलांच्या नावावर ठेवलं.

किंमत ठरवताना आणखी एक गंमत. लोक इंटरनेटवर काय किंमत 'मागतात' ते बघू नका, खरोखर कितीला विकलं गेलं ते बघा. भोकाचे पैसे टांकसाळीतून ढिगानं निघाले, त्यामुळे ते आजही स्वस्तच मिळतात. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, ही अशीच एक आवई. आमच्या गावातल्या एका पालकांना फोन आला, "तुमचं नाणं आम्ही घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा." त्यांनी भरले. मग कराचे मागितले, तेही भरले. मग फोन बंद! रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात आम्ही नसतो आणि त्यासाठी कुणाकडून पैसेही घेत नाही. विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, असा बाजार कधी ऐकलाय का? आणि मोबाइलवर पैसे 'घ्यायला' पिन लागत नाही, बरं का.

शंभर वर्षांहून जुनं नाणं सापडलं तर मात्र थांबा. १९७२ च्या कायद्यानुसार ते पुरावशेष ठरतं. आपल्याला ते परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो.

तर आमच्या त्या दुकानदारानं काय केलं? काळपट पैसा स्वतःसाठी ठेवला. लखलखीत पैशाखाली लिहिलं : 'आजीने चिंचेने घासला आहे. उजवीकडे ओरखडे आहेत, फोटो पाहावा.' दोन महिने कुणीही फिरकलं नाही. रोज मधल्या सुट्टीत त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मग एक दिवस एका काकांची मागणी आली. पैसे आधी आले, आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत नीट बसवलेला पैसा स्पीड पोस्टानं गेला. खर्च वजा जाता दोन वडापावांपुरते उरले.

आठवड्यानं त्या काकांनी विचारलं, १९४५ चा आहे का? 'घासलेला असला तरी चालेल, फक्त असंच सांगा.' तेव्हापासून आजीची ट्रंक रोज संध्याकाळी उघडली जाते, आणि चिंचेचा डबा आजीनं फळीवर उंच ठेवलाय.