पाडाव झालेल्यांची वाट

 जालन्याहून नांदेडकडे निघालेली गाडी परतूरला थांबते. उदगीरच्या विजयानंतर, मार्च 1760 मध्ये, याच परतूरहून मराठा फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीविरुद्ध उत्तरेकडे निघाले. फौजेमागे बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. 14 जानेवारी 1761 च्या पानिपतच्या लढाईनंतर आपण रणात पडलेल्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. जिवंत पाडाव झालेल्यांची मात्र साधी यादीही आपल्याकडे नाही. त्यांच्या वाटेवर आज काय उरले आहे, त्याचा हा आढावा.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी हाती लागलेल्या पुरुषांची मोठी कत्तल झाली. बायकामुलांना गुलाम म्हणून वाटून घेतले गेले. त्यांचा आकडा बखरींत हजारांनी सांगितला आहे. वसंतात अब्दाली दिल्लीहून परत फिरला आणि बंदिवानांचा तांडा पंजाबातून चालू लागला.

या वाटेची पहिली खूण बियास नदीकाठी, गोइंदवालला आहे. तिथल्या उतारावर जस्सासिंग अहलुवालियांच्या शिखांनी अब्दालीच्या फौजेवर छापा घालून सुमारे 2,200 स्त्रिया सोडवल्या आणि घरोघर पोचवल्या, असे शीख परंपरा सांगते. ‘बंदीछोड’ हे जस्सासिंगांचे बिरुद त्या आठवणीशी जोडले जाते. त्या स्त्रियांत दक्षिणेच्या किती होत्या, हे कुणी लिहून ठेवले नाही.

दुसरी खूण बलुचिस्तानातली. कलातच्या नासिरखानाला अब्दालीने मदतीच्या मोबदल्यात मराठा कैदी दिले, त्याने ते बलुच टोळ्यांत वाटले, अशी परंपरा आहे. डेरा बुगटीच्या परिसरात ‘मऱ्हट्टा’ म्हणवणारे लोक आजही आहेत. ते मुसलमान आहेत, बलुची बोलतात. पण आईला ‘आई’ म्हणण्याची आणि लग्नात हळदीसारख्या विधींची आठवण त्यांच्यात टिकल्याचे सांगितले जाते. पिढ्यान्‌पिढ्या ते टोळीच्या तळाशी राबले. 1952 मध्ये सुई येथे नैसर्गिक वायू सापडला, तेव्हा रोजगाराची नवी दारे उघडली.

तिसरी खूण पानिपताच्या अंगणातच आहे. कर्नाल, कुरुक्षेत्र भागातला रोड समाज स्वतःला रणातून निसटून जंगलात लपलेल्या मराठ्यांचा वंशज मानतो. कोल्हापूरचे डॉ. वसंतराव मोरे यांनी हा धागा महाराष्ट्रापर्यंत आणला.

या खुणा खऱ्या मानाव्यात का? इथे पेशवाईतलीच एक हकीकत आठवते. भाऊसाहेब जिवंत आहेत, या आशेवर त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. त्याच आशेवर भाऊसाहेबांचा एक तोतया उभा राहिला, त्याला माणसे आणि किल्लेही मिळाले. अखेर 1776 मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. दुःखी माणसाला पुरावा कसा हवासा वाटतो, याचा हा धडा. म्हणून ‘आई’ या एका शब्दावर वंशावळ उभी करू नये. हळद तर अनेक समाजांत लागते. शब्दांच्या जोडीला नातेसंबंधांची नावे, गाणी, शपथा, रक्ताची चाचणी आणि बलुच बाजूच्या हकीकती, सगळे एकमेकांशी ताडून पाहायला हवे.

पण ताडून पाहायचे तर आपली बाजू तयार असायला हवी. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, पुण्याचे पेशवे दफ्तर, घराघरांतले कुळवृत्तान्त यांत 1760 पर्यंत येणारी आणि पुढे खंड पडलेली नावे शोधता येतील. परतूरची माती त्या माणसांच्या पायाला लागली होती. म्हणून हे काम जालना, परभणीच्या शाळा-महाविद्यालयांनी हाती घ्यावे. गावातल्या एका घराण्याची वही उघडावी, खंड पडलेले नाव टिपून ठेवावे. उद्या डेरा बुगटीहून कुणी आपले गाव विचारत आला, तर निदान कुठे पाहायचे एवढे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे.