रिमोट डेस्कटॉप क्लायंट परवाना

रिमोट डेस्कटॉप क्लायंट परवाना हा मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर या प्रणालीवर दुरून काम करणाऱ्या संगणकासाठी किंवा व्यक्तीसाठी घ्यावा लागणारा परवाना आहे. देखभालीसाठी प्रशासकांना मिळणाऱ्या दोन एकसमयी सत्रांना तो लागत नाही. ही सेवा पूर्वी टर्मिनल सर्व्हिसेस म्हणून ओळखली जाई; २००९ साली आलेल्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ या आवृत्तीपासून तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हे नाव मिळाले.

रचना

या व्यवहारात तीन घटक असतात. वापरकर्त्यासमोरचा संगणक म्हणजे क्लायंट. ज्यावर प्रत्यक्ष काम चालते तो सत्र-सर्व्हर. आणि परवान्यांचा साठा व नोंद ठेवणारा परवाना-सर्व्हर. बिघाड यांपैकी कोठे आहे हे ठरवणे हा निदानाचा पाया होय.

प्रकार

यंत्रनिहाय परवाना संगणकाला मिळतो. पहिल्या जोडणीच्या वेळी ९० दिवसांचा तात्पुरता परवाना दिला जातो व पुढील प्रवेशाच्या वेळी नियमित परवाना मिळतो. नियमित परवान्याची मुदत ५२ ते ८९ दिवस असते. ती संपण्यापूर्वी नूतनीकरण आपोआप होते. वापरात नसलेल्या संगणकाचा परवाना मुदतीनंतर साठ्यात परत येतो.

वापरकर्तानिहाय परवाना व्यक्तीच्या नावे असतो व त्याची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत होते. खरेदीपेक्षा जास्त वापरकर्ते झाले तरी सर्व्हर त्यांना अडवत नाही. मात्र पुरेसे परवाने घेण्याचे कायदेशीर दायित्व कायम राहते.

समस्यांचे निदान

सर्वांनाच प्रवेश नाकारला जात असल्यास दोष बहुधा सर्व्हरच्या बाजूला असतो. सेवा बसवल्यापासून १२० दिवसांची सवलत असते. या काळात परवाना-सर्व्हर नेमलेला नसला तरी काम सुरळीत चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि मुदत संपताच सर्वांचे काम एकदम थांबते. अशा वेळी प्रशासकीय सत्राने प्रवेश करून परवाना निदान साधन उघडावे. परवान्याचा प्रकार व परवाना-सर्व्हरचे नाव नोंदवले आहे का, हे त्यात दिसते. दोन्ही सर्व्हरमधील संपर्क फायरवॉलने अडवला आहे का, हेही तपासावे. आवृत्तीही जुळावी लागते: २०१६ चा परवाना २०१९ च्या सत्र-सर्व्हरवर चालत नाही, २०१९ चा मात्र २०१६ वर चालतो.

काही संगणक सुमारे तीन महिने नीट चालून अचानक अडत असतील, तर यंत्रनिहाय परवाने संपल्याची शक्यता असते. या संगणकांना नियमित परवाना मिळालेलाच नसतो. केवळ तात्पुरत्या परवान्याची मुदत सरलेली असते. येथे नवे परवाने घ्यावेत किंवा बाद संगणकांचे परवाने रद्द करावेत. एका वेळी २० टक्क्यांपर्यंतच परवाने रद्द करता येतात.

एकच संगणक अडत असल्यास त्यावर साठवलेला परवाना खराब झालेला असू शकतो. रजिस्ट्रीची प्रत राखून त्यातील एमएसलायसन्सिंग ही नोंद काढावी व रिमोट डेस्कटॉप एकदा प्रशासक म्हणून चालवावे. नोंद नव्याने तयार होते. सर्वच संगणक अडलेले असताना हा उपाय निरुपयोगी ठरतो.

दक्षता

सत्र-सर्व्हरच्या रजिस्ट्रीतील सवलतीची नोंद पुसली की १२० दिवस पुन्हा सुरू होतात. परंतु त्याने परवाना मिळत नाही. मूळ दोष तसाच राहतो आणि परवाना-कराराचा भंगही होतो.