चकतीवरची मुदत

कागदी दप्तराचा नाश करावयाचा झाल्यास सरकारी कचेरीत अद्यापही त्याची वर्गवारी पाहावी लागते, मुदत संपल्याची खातरजमा व्हावी लागते आणि कोणा अधिकाऱ्याचा लेखी हुकूम निघावा लागतो. परंतु त्याच कचेरीच्या देवडीवर जो सीसीटीव्ही कॅमेरा अष्टौप्रहर जागा असतो, त्याचे चित्रण मात्र कोणाच्याही सहीवाचून, हार्ड डिस्कची चकती भरली की आपोआप पुसले जाते. रेकॉर्डर सर्वांत जुन्या दिवसावर आजचा दिवस लिहितो, आणि एकदा वर लिहिले गेल्यावर खालचे परत मिळविण्याची आशा व्यर्थ होय.

चित्रण किती दिवस टिकणार, हा प्रश्न म्हणूनच बहुधा भागाकाराचा असतो. 1920 गुणिले 1080 बिंदूंचे रंगीत चित्र सेकंदास 25 वेळा जसेच्या तसे साठवू म्हटल्यास दिवसाकाठी 13 टेराबाइटांहून अधिक जागा लागेल, आणि ही चैन कोणाच्याच तिजोरीस परवडणारी नाही. यास्तव एक चित्र पूर्ण घ्यावयाचे व पुढील चित्रांत जे बदलले तेवढेच नोंदवावयाचे, अशी युक्ती योजलेली असते. 2003 चे एच.264 आणि 2013 चे एच.265 या दोन्ही मानकांचा गाभा हाच. एवढे करूनही सेकंदास 4 मेगाबिट या मानाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 गिगाबाइट खातो. असे 16 कॅमेरे असले, तर 8 टेराबाइटांची चकती बारा दिवसांच्या आत भरते. गंमत अशी की, बिटांचे प्रमाण दृश्यानुसार कमीजास्त होऊ दिले असेल, तर कोऱ्या भिंतीकडे पाहणारा कॅमेरा काटकसरी ठरतो आणि पावसाळी वाऱ्यात घुसळणाऱ्या गुलमोहराकडे तोंड केलेला उधळ्या. अंधारात सेन्सरवर थरथरणारे ठिपकेदेखील यंत्रास हालचालच वाटतात.

हा भागाकार उलटा मांडला तो सर्वोच्च न्यायालयाने. 2 डिसेंबर 2020 रोजी पोलीस ठाण्यांविषयी निकाल देताना न्यायालयाने आधी दिवस ठरविले व मग चकती आणावयास सांगितले: चित्रण 18 महिने जपावे, बाजारात तसे यंत्र नसल्यास मिळेल तितक्या अधिक क्षमतेचे घ्यावे, परंतु कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाहून कमी मुदतीचे नको. मला हे सर्वस्वी रास्त वाटते, कारण कोठडीतील मारहाणीची फिर्याद करावयास माणूस आधी कोठडीबाहेर यावा लागतो. बँकांच्या लॉकर-कक्षांसाठी रिझर्व्ह बँकेने किमान 180 दिवस सांगितले आहेत. युरोपीय नियामकांची चिंता याच्या नेमकी उलट, खाजगीपणाची. त्यांच्या मते 72 तासांपलीकडे चित्रण ठेवणाऱ्याने सबळ कारण दाखविले पाहिजे.

तक्रारदार वेळेत जागा झाला, तर हवा तेवढा भाग उतरवून घेता येतो. 1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 अन्वये अशा प्रतीसोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नमूद करावे लागते, आणि फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी ते मूल्य पार बदलून जाते. व्यवस्था चोख आहे. फक्त अर्ज बारनिशीत चढून, टिपणी होऊन, साहेबांची सही होईपर्यंत बारा दिवस सहज जातात.