मेसचे ताट आणि मेदोवृद्धी : निगडीतील विद्यार्थ्यांच्या निमित्ताने

जुलै-ऑगस्ट उजाडला की निगडी-प्राधिकरणाच्या रस्त्यांवर गाद्या, बादल्या आणि पत्र्याच्या पेट्या घेतलेली मुले आपल्या पालकांसह खोल्या शोधताना दिसू लागतात. 1972 साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने या पेठा आखल्या, त्या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांना हक्काचे घर मिळावे म्हणून. पुढे 1990 मध्ये तंत्रनिकेतन आणि 1999 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय पेठ क्रमांक 26 मध्ये उभे राहिले, शेजारी आकुर्डीतही शिक्षणसंस्था वाढल्या आणि कामगारांच्या वसाहतीला विद्यार्थ्यांच्या वसाहतीचेही रूप आले. 2021 मध्ये प्राधिकरण ही संस्था विसर्जित झाली. लोकांच्या तोंडी नाव मात्र टिकले आहे. लातूर, बीड, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुले पहिल्यांदाच घराबाहेर राहतात आणि पहिल्यांदाच आपले ताट आपण ठरवतात.

यांपैकी अनेक जण वर्षाअखेरीस आपल्याकडे येतात. तक्रार बहुधा निराळीच असते. आम्लपित्त, मलावष्टंभ, तारुण्यपीटिका, अनियमित पाळी. वजनाचा विषय निघतो तो खुर्चीवरून उठताना, काहीशा संकोचाने. गतवर्षी असाच एक द्वितीय वर्षाचा विद्यार्थी छातीत धडधड आणि निद्रानाश घेऊन आला. दोन सत्रांत नऊ किलो वजन वाढल्याने धास्तावून त्याने ‘वनस्पतीजन्य’ म्हणून विकली जाणारी एक पावडर मागवली होती व दीड महिना घेतली होती. डब्यावर त्रिफळा, गुग्गुळ अशी आपल्या परिचयाची नावे होती. उत्पादन परवान्याचा क्रमांक मात्र नव्हता. आम्ही ती पावडर तत्काळ थांबवली, हृद्‌गती व रक्तदाब तपासून त्याला रुग्णालयात पाठवले. काही दिवसांत धडधड शमली. त्या डब्यात नेमके काय होते, हे कळले नाही. परंतु या मुलाला योग्य वेळी कोणी आहाराविषयी दोन शब्द सांगितले असते तर तो त्या डब्यापर्यंत गेलाच नसता, ही रुखरुख राहिली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

वजन किती आणि मेद किती

अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पंधरा पौंड वजन वाढते, असा समज फार रूढ आहे. प्रत्यक्ष पाहण्यांचा एकत्रित विचार केला असता ही सरासरी वाढ दीड किलोच्याही आतच आढळली. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला भय घालण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडील प्रश्न केवळ काट्यावरच्या आकड्याचा नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही देहभारांक 22.3 होता, मात्र ब्रिटिश सहकाऱ्याच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होता. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदस्वी अशी ही भारतीय देहयष्टी आहे. म्हणूनच आपल्या लोकांसाठी देहभारांक 23 पासून अतिभार व 25 पासून स्थौल्य मानले जाते आणि पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही कटीची मर्यादा धरली जाते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत प्रौढांपैकी 39.5 टक्के व्यक्तींत उदरस्थौल्य आढळले. चरकाचार्यांनी अतिस्थूलाचे वर्णन करताना स्फिक्, उदर व स्तन यांच्या लंबनाचा विशेष निर्देश केला आहे, त्याचे मर्म येथे ध्यानात येते. वजनकाट्याइतकीच मोजपट्टीही टेबलावर असावी.

हेतूंचा शोध ताटाबाहेर

स्थौल्याचे हेतू सांगताना चरकसंहितेने अतिसंपूरण, गुरू-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वाप, निश्चिंतता आणि बीजस्वभाव असा क्रम दिला आहे. विद्यार्थ्याचा इतिहास घेताना हे एकेक पद प्रश्नासारखे विचारावे. उत्तरे आपोआप मिळतात.

मेसच्या जेवणाला सर्व दोष देण्याची प्रथा आहे. ती अर्धसत्य आहे. पोळी, उसळ, आमटी, भात हे ताट मुळात वाईट नाही. भाजीत तेलाचा तवंग व फोडींचा तुटवडा असतो, कोशिंबीर नावापुरती असते, हे खरे. परंतु खरा घोटाळा मेस बंद असते तेव्हा होतो. रविवारी दुपारी ‘फीस्ट’ असते. पुरी, मसालेभात, गुलाबजाम भरपेट होतात आणि त्याच रात्री मेसला सुट्टी असते. मग टोळी बाहेर पडते. दुपारचे अन्न पुरते जिरण्यापूर्वी रात्रीचे चायनीज पोटात जाते, हेच अध्यशन. सकाळच्या तासिकेसाठी न्याहारी टाळायची, अकरा वाजता वडापाव, तीन वाजता जेवण, हे विषमाशन. हितकर व अहितकर एकत्र, म्हणजे उसळीसोबत शीतपेय, हे समशन. ग्रंथातील तीनही दोष एकाच आठवड्यात एकाच विद्यार्थ्याकडे पाहावयास मिळतात.

चहाचा हिशेब मुलांना कधीच लागत नाही. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर साठ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 240 कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार 2000 कॅलरी घेणाऱ्याने दिवसभरातील अशी साखर पन्नास ग्रॅमच्या आत व शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे केवळ टपरीवरच मर्यादा ओलांडली जाते. त्यावर तीनशे मिलिलिटर शीतपेयाची तीसेक ग्रॅम साखर निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 व 2018 मध्ये महाविद्यालयांच्या आवारात निकस खाद्यपदार्थ विकू नयेत, अशा सूचना दिल्या. परंतु टपरी फाटकाबाहेर असते आणि भूकही.

जागरणाचा गुंता

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. संहितेत प्रजागर हा स्थौल्यावरील उपाय सांगितला आहे. मग रात्रभर जागणारी मुले स्थूल का होतात? उत्तर सोपे आहे. ग्रंथोक्त प्रजागर व्यायाम, चिंतन व अपतर्पण यांच्या जोडीने आणि क्रमाक्रमाने वाढवावयाचा आहे. विद्यार्थ्याचे जागरण बिस्किटे, नूडल्स आणि गोड चहाच्या सोबतीने होते आणि त्यामागून दुपारपर्यंतचा दिवास्वाप येतो. रुक्ष जागरणाचा गुण उरत नाही. दिवास्वापाचा कफमेदोवर्धक दोष तेवढा पदरी पडतो. अपुऱ्या झोपेने भूक व गोडाची ओढ वाढते, हे आधुनिक अभ्यासही सांगतात.

परीक्षेच्या काळात जागरण टळणार नसेल, तर वाग्भटाचा तोडगा सांगावा. जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत प्रशिक्षणार्थी म्हणून रात्रपाळी करणाऱ्या मुलांनाही हे आचरता येते. पाळीवरून आल्यावर पोटभर पोहे खाऊन पांघरुणात शिरण्यापेक्षा आधी झोप व उठल्यावर जेवण, हा क्रम लावून द्यावा.

विद्यार्थ्याला काय सांगावे

पथ्याची छापील यादी हातात दिली तर ती वहीच्या मागे जाते. त्याला आचरता येईल तेच सांगावे.

पहिली गोष्ट, सवय एकदम तोडू नये. चरकाने अहितकर सवयी पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाने कमी करण्यास सांगितले आहे. सहा चहांचे आधी चार करावेत, मग साखर दोन चमच्यांची एक करावी. महिन्याभरात तोंडाची चव बदलते आणि त्रासही होत नाही.

दुसरी गोष्ट, भाकरी. स्थौल्यात हितकर धान्यांत यव, श्यामाक, कोद्रव यांच्यासह जूर्णाह्व, म्हणजे आपली ज्वारी सांगितली आहे. सोबत मूग, कुळीथ, तूर, पडवळ आणि आवळा. गुरू पण अपतर्पक, असा जो स्थूलासाठीचा आहारसिद्धांत आहे, त्याच्या जवळ जाणारे आणि या मुलांना लहानपणापासून सात्म्य असलेले अन्न हेच. शहरात आल्यावर भाकरी मागणे त्यांना गावंढळ वाटते. निगडी परिसरात ज्वारीची भाकरी देणाऱ्या खानावळी आहेत. निदान आठवड्यातून तीन वेळा तेथे जावे. चार-पाच जणांनी मिळून मागणी केली तर मेस चालवणाऱ्या मावशीही भाकरी थापतात, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, राशी. कुक्षीचा एक भाग घन, एक द्रव आणि एक दोषांच्या संचारासाठी रिकामा, हे त्रिविध कुक्षीचे सूत्र मेसच्या भाषेत सांगावे. आमटीची वाटी दोनदा घ्यावी, भात एकदाच, आणि ‘पैसे भरलेत तर वसूल करू’ हा विचार ताटावर बसताना करू नये. रात्री दही नको; दुपारी भाजलेले जिरे घातलेले ताक घ्यावे. खोलीवर शेंगदाणे, फुटाणे व एखादे ऋतुमानाचे फळ ठेवले तर रात्री दहाच्या भुकेला फरसाणाचा आधार लागत नाही.

चौथी गोष्ट, व्यायाम. बलार्धापर्यंत, म्हणजे कपाळ व नाकावर घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागेपर्यंत. जिमच्या शुल्काची गरज नाही. दुर्गादेवी टेकडी जवळच आहे आणि प्राधिकरणाचे रस्ते रुंद व झाडांचे आहेत. आकुर्डी स्थानक ते महाविद्यालय हे अंतर रिक्षाऐवजी पायी कापले तरी आरंभ होतो.

एक प्रघात आवर्जून थांबवावा. सकाळी कढत पाण्यात लिंबू आणि मध. मधूदक हे स्थौल्यात अनुपान म्हणून सांगितले आहे, पण उष्ण मधाचा निषेधही आपल्याच ग्रंथांनी स्पष्ट केला आहे. मध द्यावयाचा तर निवलेल्या पाण्यातून.

याची दुसरी बाजूही पाहावी. काही मुली वजनाच्या धास्तीने रात्रीचे जेवणच सोडतात. पांडुता, केस गळणे, पाळीची अनियमितता मागोमाग येते. ज्यांचे वजन वाढलेले नाही त्यांना हे स्पष्ट सांगावे. वाढ अकस्मात असेल, मानेवर काळवंडलेली त्वचा असेल, सोबत थकवा वा सूज असेल, तर थायरॉइड, रक्तशर्करा व बीजकोशांच्या तपासण्या करून घ्याव्यात. जेवून मुद्दाम ओकारी काढणे, खाण्याची भीती वाटणे हे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याचे विषय आहेत.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

वजन कमी करणारे ‘काहीतरी’ मागणारा विद्यार्थी प्रथम आपल्या काउंटरवर येतो. नवक गुग्गुळ, त्रिफळा चूर्ण ही उत्तम द्रव्ये आहेत, परंतु अग्नी, कोष्ठ व चालू औषधे न पाहता दिलेली उत्तम द्रव्येही उपद्रव करतात. त्याला वैद्याकडे पाठवावे. विक्री टळत नाही, उलट विश्वास वाढतो. परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण व उत्पादकाचा पत्ता नसलेला माल दुकानात ठेवू नये. सिब्युट्रामीन हे भूक मारणारे औषध हृदयावरील धोक्यामुळे भारतात 2011 साली बंद करण्यात आले. तरीही ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या उत्पादनांत ते मिसळलेले जगभर वारंवार सापडले आहे. तसेच 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे, म्हणून ‘महिन्यात दहा किलो’ अशा पाट्या लावणे कायद्याच्याही विरुद्ध आहे, याचे स्मरण ठेवावे.

त्या विद्यार्थ्याविषयी लिहून लेख संपवतो. त्याला आम्ही पहिले दोन महिने औषध दिलेच नाही. चहा चतुर्थांशाने कमी केला, रविवारच्या रात्री फीस्टनंतर फक्त मुगाचे कढण ठेवले, पहाटे टेकडी लावून दिली. सहा महिन्यांत चार किलो उतरले, कटी सहा सेंटिमीटरने कमी झाली. आकडा मोठा नाही. परंतु पुढच्या वर्षी त्याने आपल्या खोलीवरील दोन नवागतांना आमच्याकडे आणले, तेही वजन वाढण्यापूर्वी. स्वस्थस्य स्वास्थ्यरक्षणम् हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन. त्या सकाळी ते आमच्या ओसरीवर चपला काढून उभे होते.