हाताला बसलं पाहिजे!

“माय व! पोरीच्या हातात पुस्तक द्याचं सोडून पिस्तूल देता काय? सोयरीक कोन करन मंग इच्यासंग?”

सासूबाईंनी देवघरातूनच तोफ डागली. पुण्याला जायची आमची बॅग भरून झाली होती. वाशिमहून रात्रीची गाडी होती. मी काहीच बोलले नाही. खरं सांगू का मैत्रिणींनो, उत्तर माझ्याकडेही नव्हतं!

आमचं अनसिंग वाशिम-पुसद रस्त्यावरचं. गावात बंदूक दिसते ती एक तर पोलिसाकडे, नाही तर जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर. लेक अकरावीला पुण्यात माझ्या बहिणीकडे राहायला गेली आणि कॉलेजच्या मैत्रिणीसोबत एका खासगी नेमबाजी केंद्रात जाऊ लागली. तिथल्याच जुन्या, सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेल्या पिस्तुलावर दीड वर्ष शिकली. मग एके दिवशी सरांचा फोन आला, “पोरगी चांगली आहे. पण आता स्वतःचं पिस्तूल लागेल.”

किंमत ऐकून मी खुर्चीतच बसले. बाहेरच्या देशातून येणारं चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या वर जातं. बचत गटाच्या बैठकीत मी बायांना नेहमी सांगते, मुलीच्या शिक्षणाला हात आखडता घेऊ नका. आता वेळ माझ्यावर आली होती. सोयाबीनचे पैसे होते, माझी भिशी लागली होती, तरी कमी पडले. शेवटी एक पाटली मोडली.

आणि इथेच आमची चूक झाली. लेकीला ‘सरप्राइज’ द्यायचं ठरलं! तिला न सांगता आम्ही दोघं परस्पर दुकानात गेलो. ह्यांनी ऐपतीत बसेल ते सगळ्यात भारी पिस्तूल निवडलं. दुकानदाराने विचारलं, “मुठीचं माप कोणतं देऊ? लहान, मध्यम की मोठं?” हे म्हणाले, “मध्यम द्या, सगळ्यांना चालतं.” मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही केंद्रावर पोचलो. पेटी उघडली तेव्हा लेकीचे डोळे असे चमकले की पाटलीचं दुःख मी विसरले. योगायोग असा, की तिची मैत्रीणही त्याच दिवशी नवं पिस्तूल घेऊन आली होती. तिचं भारतीय बनावटीचं, आमच्यापेक्षा बरंच स्वस्त. सोबत तिची आई. आम्ही दोघी बाकड्यावर शेजारी बसलो.

सर आधी म्हणाले, “नवं असो, जुनं असो, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये. आणि पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून वागायचं.” हे छऱ्याचं पिस्तूल असलं तरी खेळणं नव्हे. डोळ्याला लागलं तर डोळा जातो. म्हणूनच हातात नसेल तेव्हा नळीत भडक रंगाची दोरी घालून ठेवतात. छर्रा आत नाही, हे लांबूनही दिसावं म्हणून.

मग हवा भरायची. हे पिस्तूल दारूगोळ्यावर नाही, दाबलेल्या हवेवर चालतं. नळीखाली छोटं सिलिंडर असतं, त्यात 200 बारपर्यंत हवा भरतात. मोटारीच्या चाकात असते त्याच्या जवळजवळ नव्वदपट दाब! नवी सिलिंडरं रिकामी होती आणि केंद्रावरची मोठी टाकी नेमकी संपलेली. मग निघाला हातपंप. दोन्ही आया पदर खोचून आळीपाळीने पंप मारत होतो. शेतातल्या फवारणीचा पंप बरा म्हणायची पाळी आली!

टार्गेट 10 मीटरवर. 17 सेंटिमीटरचा चौकोनी कागद, मधोमध काळा गोल. त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे शर्टाचं बटण! उभं राहून, एकाच हाताने, कशाचाही टेकू न घेता तिथे 4.5 मिलिमीटरचा छर्रा पोचवायचा. स्पर्धेत असे 60. पूर्वी महिलांना 40च असायचे, 2018 पासून पुरुषांइतकेच झाले.

मैत्रिणीने पाच छर्रे मारले. दोरीवरून कागद सरकत जवळ आला. सगळी भोकं काळ्यात, एकमेकांच्या शेजारी. आमच्या लेकीने पाच मारले. एक डावीकडे, एक खाली, एक पार पांढऱ्यात... पुन्हा पाच. पुन्हा तेच. वहीतल्या कागदावर पावसाचे थेंब पडावेत तसे विखुरलेले.

“पिस्तूलच खराब दिलं वाटते,” हे पुटपुटले. स्कूटर बिघडली की ह्यांचा हात जसा पान्याकडे जातो, तसा तो पेटीतल्या चावीकडे गेला. मागच्या माशीचे स्क्रू फिरवून बघू म्हणाले. लेकीचा चेहरा उतरला. “आई, मला जुनंच बरं होतं,” म्हणाली आणि रडायलाच लागली. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘पाटली मोडून आणलंय, नीट मार ना!’ बाई, कशी ती जीभ आवरली कोण जाणे.

सरांनी काही न बोलता आमचं पिस्तूल घेतलं आणि पाच छर्रे मारले. कागद आला. पाचही जवळजवळ एकाच भोकात! “पिस्तूल उत्तम आहे,” ते म्हणाले. “आता पोरीचा हात बघा.”

तिने मूठ धरली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. लाकडी मूठ आणि तळहात यांच्यामध्ये पोकळी होती. बोट चापापर्यंत जेमतेम पोचत होतं. बोटाचं पेर चापावर सरळ बसायला हवं, तिचं नुसतं टोक टेकत होतं. त्यामुळे दाबताना नळी डावीकडे ढकलली जात होती. जुन्या पिस्तुलाची मूठ लहान होती, म्हणून तिथे सगळं नीट जमायचं.

मैत्रिणीची आई हळूच म्हणाली, “आम्ही हिला दुकानात घेऊन गेलो होतो. चार पिस्तुलं हातात धरून पाहिली, मगच घेतलं.” त्यात टोमणा नव्हता, तरी मला लागलं. दहा रुपयांच्या बांगड्या भरतानाही कासार आधी हात दाबून बघतो, आणि आम्ही लाखाची वस्तू हात न बघता आणली! आपल्यासाठी परस्पर ठरवलेल्या किती गोष्टी आपण बायांनी आयुष्यभर मुकाट वापरल्या. तेच मी लेकीशी करून बसले होते, तेही लाडाने!

उपाय मात्र होता. सरांनी छोट्या चावीने चाप थोडा मागे सरकवला. तेवढी सोय पिस्तुलात असतेच. मुठीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि काचपेपर घेऊन बसले. थोडं घासायचं, तिच्या हातात द्यायचं, पुन्हा घासायचं. तास-दीड तास चाललं होतं. मग तिने पाच मारले. भोकं अजून डावीकडेच होती, पण आता सगळी एका जागी! आणि तेव्हा कुठे सरांनी माशीचा स्क्रू फिरवला. “आधी हात, मग स्क्रू,” ह्यांच्याकडे बघून हसत म्हणाले. पुढचे पाच काळ्याच्या मधोमध.

मग लेकच म्हणाली, “आई, तू मारून बघ ना!” वजन किलोभरच. पण किलोभर साखर एका हाताने लांब धरून बघा, म्हणजे कळेल. हात लटलट कापत होता. सर म्हणाले, “टार्गेट धूसर दिसू दे, नळीवरची पुढची माशी स्पष्ट बघा.” पहिले तीन छर्रे कागदावरच लागले नाहीत. चौथा चारच्या वर्तुळात. आणि ही पोर असे साठ मारते! त्या दिवसापासून ‘नुसतं उभं तर राहायचं असतं’ हे वाक्य आमच्या घरातून बाद झालं.

आपल्या मराठी मुलींनी या खेळात केवढं नाव काढलंय! कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफलमध्ये जगज्जेती झाली. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पिस्तुलाची कुरबुर तर भल्याभल्यांना रडवते. हरियाणाच्या मनू भाकरच्या पिस्तुलात 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऐन स्पर्धेत बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच मनूने 2024 मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं मिळवली.

तुमच्या लेकीने हा हट्ट धरला तर घाबरू नका, पण घाईही करू नका. आधी वर्षभर केंद्राच्या पिस्तुलावर शिकू द्या. ठरावीक मर्यादेतल्या .177 एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. राही खेळते ते .22 चं पिस्तूल मात्र वेगळं, त्याला परवाना लागतो. जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख बघा, त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते. पावती जपून ठेवा, घरात पिस्तूल कुलपातच ठेवा. आणि मुख्य म्हणजे घेताना लेकीला सोबत न्या. किंमत मागून बघा, आधी तिचा हात बघा.

अनसिंगला परतलो तेव्हा मी दोन कागद सोबत आणले होते. एक माझा, एक लेकीचा. सासूबाईंनी चष्मा लावून माझा कागद उलटासुलटा केला. “हे काय व, उंदरानं कुरतडलं काय?” मग लेकीचा बघितला. मधोमध एकच मोठं भोक. “अन् इनं एकच मारली?”

“नाही आई, पाच. पाचही एकाच जागी.”

त्या बराच वेळ भोकावरून बोट फिरवत राहिल्या. सोयरिकीचं काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावायला देवघरात गेले, तर माझा कागद रद्दीत पडला होता आणि नातीचा देवाच्या तसबिरीला टेकवून ठेवला होता.