सीलिॲक आजारातील गिळण्याचा त्रास

सीलिॲक आजारातील गिळण्याचा त्रास म्हणजे सीलिॲक आजार असलेल्या व्यक्तीस घास अडकणे, घशात गोळा असल्यासारखे वाटणे, गिळताना दुखणे किंवा घसा सुजल्याची जाणीव होणे. सीलिॲक आजार प्रामुख्याने लहान आतड्याचा असल्यामुळे ही लक्षणे त्याच्या नेहमीच्या लक्षणांत मोडत नाहीत. ती बहुधा आजाराच्या परिणामामुळे, त्याच्या जोडीने आढळणाऱ्या दुसऱ्या विकारामुळे किंवा पूर्णपणे स्वतंत्र कारणामुळे उद्भवतात. त्यामुळे असा त्रास केवळ ‘ग्लुटेन पोटात गेले असेल’ असे मानून सोडून देणे धोक्याचे ठरू शकते.

पार्श्वभूमी

गहू, सातू (बार्ली) व राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे जनुकीय प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तरावरील केसासारखे उंचवटे झिजतात व अन्नघटकांचे शोषण घटते. एचएलए-डीक्यू२ किंवा एचएलए-डीक्यू८ ही जनुकरूपे जवळजवळ सर्व रुग्णांत आढळतात. मात्र ती असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडला.

भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुप्रादेशिक अभ्यासात आजाराची प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. पोषक जनुकांचे प्रमाण तिन्ही भागांत फारसे वेगळे नव्हते. गव्हाच्या सेवनात मात्र मोठी तफावत होती.

संभाव्य कारणे

लोहाची कमतरता : अन्नातील लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सीलिॲक आजारात नेमका हाच भाग बाधित होतो. दीर्घकाळ राहिलेल्या लोह-कमतरतेच्या रक्तक्षयात अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी पातळ पडदा तयार होऊन घन पदार्थ अडकू लागतात. या लक्षणसमूहास प्लमर–विन्सन सिंड्रोम किंवा पॅटरसन–ब्राऊन-केली सिंड्रोम म्हणतात. जिभेचा दाह, ओठांच्या कडा फाटणे व नखे चमच्यासारखी खोलगट होणे ही त्याची इतर चिन्हे होत. लोहपूर्तीने अनेकदा आराम पडतो; पडदा जाड असल्यास दुर्बिणीद्वारे तो रुंदावला जातो. या विकारात घशाचा खालचा भाग व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने पाठपुरावा आवश्यक असतो.

इओसिनोफिलिक अन्ननलिकादाह : ॲलर्जीशी निगडित असलेल्या या विकारात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात साचतात. घास छातीत अडकणे हे त्याचे ठळक लक्षण होय. दोन्ही विकार एकाच रुग्णात आढळल्याच्या नोंदी आहेत. ग्लुटेनविरहित आहाराने आतडे सुधारले तरी हा दाह टिकून राहू शकतो.

अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे विकार : सीलिॲक रुग्णांमध्ये स्वप्रतिकारजन्य थायरॉइड विकार सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळतात. ग्रंथी वाढल्यास गळ्याच्या पुढील भागात सूज दिसते व गिळताना दाब जाणवतो.

इतर कारणे : जठराम्लाचा उलट प्रवाह, श्योग्रेन सिंड्रोममुळे कोरडे पडलेले तोंड, अन्ननलिकेच्या हालचालीतील बिघाड, तसेच लोहाच्या किंवा इतर गोळ्या पुरेशा पाण्याविना घेतल्याने अन्ननलिकेस होणारी इजा. सर्व तपासण्या निर्दोष असूनही घशात गोळा जाणवणे शक्य असते. अशा वेळी घास प्रत्यक्षात अडकत नाही व वजन घटत नाही.

गव्हाची ॲलर्जी आणि तातडीची सूज

गव्हाची ॲलर्जी हा सीलिॲकहून वेगळा आजार आहे. तिच्यात गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत ओठ, जीभ व घसा सुजणे, अंगावर गांधी उठणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसतात. काही व्यक्तींना गहू खाऊन श्रम केल्यावरच हा त्रास होतो. रक्तदाबावरील काही औषधांनीही जीभ व घसा सुजू शकतो. श्वास घेताना अडथळा, आवाजात बदल, लाळ गिळता न येणे किंवा भोवळ ही तातडीची स्थिती होय. ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा प्रमुख उपचार असतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे.

निदान

प्रथम घन पदार्थ व पुढे द्रवही अडकू लागल्यास मार्ग अरुंद झाल्याची शक्यता असते. दोन्ही सुरुवातीपासून अडकत असल्यास हालचालीतील बिघाडाचा विचार होतो. रक्तक्षय, लोहसाठा व थायरॉइडच्या तपासण्यांबरोबर ऊतक-ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची चाचणी केली जाते. निदान होण्यापूर्वीच गहू बंद केल्यास ही चाचणी व आतड्याची बायोप्सी खोटी निर्दोष येऊ शकते. दुर्बीण तपासणीत आतड्याबरोबरच अन्ननलिकेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरील नमुने घेतल्यास इओसिनोफिलिक दाह ओळखता येतो. अस्तर वरकरणी चांगले दिसले तरी तो असू शकतो. वरच्या टोकाचा पातळ पडदा दुर्बिणीतून निसटू शकतो. तो बेरियम गिळवून काढलेल्या क्ष-किरण चित्रफितीत दिसतो.

वाढत जाणारा अडथळा, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा मानेत गाठ असल्यास कर्करोग वगळणे आवश्यक असते. वैराग ज्या तालुक्यात आहे त्या बार्शीत १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या कामाचे केंद्र आहे.

आहार : वैराग परिसराच्या संदर्भात

सीलिॲक आजारावर आयुष्यभर ग्लुटेनविरहित आहार हाच प्रस्थापित उपचार आहे. सोलापूर–बार्शी मार्गावरील वैरागचा परिसर रब्बी ज्वारीचा, म्हणजे शाळूचा आहे. याच जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण प्रसिद्ध आहे, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका व डाळींमध्ये ग्लुटेन नसल्याने येथील पारंपरिक भाकरी-आमटीचा आहार रुग्णास मूलतः अनुकूल ठरतो.

तरीही काही बाबी सहज नजरेआड होतात. गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळल्यास पिठात गव्हाचे अंश मिसळतात. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. कुरडया, शेवया, रवा व हुग्गी गव्हाचीच असते. बाजारातील बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते. खपली गहू पचायला हलका मानला जात असला तरी त्यात ग्लुटेन असते व तो या रुग्णांस वर्ज्य आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनविरहित’ पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

गिळण्याचा त्रास असताना धान्य सुरक्षित असूनही पदार्थाचा पोत अडचणीचा ठरू शकतो. सोलापूरची कडक भाकरी व कोरडी शेंगा चटणी ही त्याची उदाहरणे. अशा वेळी आमटीत किंवा ताकात कुस्करलेली मऊ भाकरी, ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील व मऊ भात गिळण्यास सोपे जातात. ताठ बसून लहान घास घेणे, सावकाश चावणे, गोळ्या भरपूर पाण्याबरोबर घेणे आणि जेवणानंतर लगेच आडवे न होणे उपयुक्त ठरते. कोणता पदार्थ, किती वेळाने व कोणते लक्षण याची नोंदवही ठेवल्यास ॲलर्जी, अरुंद मार्ग व जठराम्ल यांत फरक करण्यास डॉक्टरांना मदत होते. काटेकोर पथ्यानंतरही त्रास टिकल्यास पथ्य आणखी कडक करण्यापेक्षा कारणाचा नव्याने शोध घेणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

ग्लुटेन
रक्तक्षय
अन्ननलिका
ज्वारी
वैराग